एकट्याची सवारी

मोहन नगर, दुर्ग
९ नोव्हेंबर १९५८

चि. लतिका,

हे अक्षर कोणाचं, असं तुला वाटलं असेल. माझंच आहे. पाकिटावरचा पत्ता तेवढा जानरावने पार्सल ऑफिसात बसून लिहून दिला, आतलं सगळं माझं. पुठ्ठ्यात ओळीओळीच्या फटी कापून घेतल्या आहेत. पुठ्ठा कागदावर ठेवायचा आणि फटीच्या आत पेन्सिल चालवायची. वेलांट्यांना डोकं वर काढता येत नाही, त्यामुळे शब्द ठेंगणे झाले असतील. अंदाजाने वाच. शाईने लिहीत नाही. शाई संपली तर मला कळायचं नाही आणि तुला कोरा कागद मिळायचा.

तुला नागपूरला जाऊन चार महिने झाले. दिवाळी तोंडावर आली. नर्सिंगच्या नव्या मुलींना सणाला सोडत नाहीत असं ऐकतो, तेव्हा तू येणार नाहीस हे धरूनच चाललो आहे. शेजारच्या तुळसाबाई दोन वेळा भाकरी-भाजी आणून देतात, आणि देताना भांडतात. त्यामुळे घरात आवाज असतो.

एक नवीन गोष्ट. काचबिंदूने डोळे नेले आणि रेल्वेने मला घरी बसवलं, तेव्हा हा तारबाबू कायमचा निकामी झाला असं सगळ्यांनीच धरलं होतं, मीसुद्धा. पण तार कानांनी घ्यायची असते. भिलाईत सेक्टर एकला एका खोलीत सात-आठ जणांना मी तार शिकवतो. सोमवार, बुधवार, शनिवार. रेल्वेत सिग्नलर म्हणून लागायची त्यांची उमेद आहे. त्यांचा हात अडखळला की मला लगेच कळतं, आणि मी पूर्वीसारखा ओरडतो. बरं वाटतं.

दुर्गहून भिलाई लांब आहे, पण जानराव मला नेतो आणि परत आणून सोडतो. त्याची ड्यूटी तशी लावून घेतली आहे. तेव्हा माझी काळजी नको.

तू उत्तर लिहिलंस तर मला ते कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. हे लक्षात ठेवून लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा

मोहन नगर, दुर्ग
७ डिसेंबर १९५८

चि. लतिका,

जानरावबद्दल मी खोटं लिहिलं होतं. तो दोनदा आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी पाहुणे आले, चौथ्या दिवशी मालगाडी उशिरा आली. त्याच्या "येतो, येतो" मधला कंटाळा मला कळला. मीच म्हटलं, राहू दे.

तेव्हापासून मी रिक्षाने एकटा जातो.

वाचून तू दचकली असशील. मीही दचकलोच होतो. सहा वर्षांत तुझ्या खांद्यावर हात न ठेवता मी गल्लीच्या तोंडापर्यंतही गेलो नव्हतो. पहिल्या दिवशी शिंप्याच्या दुकानापर्यंत भिंत धरून गेलो, आणि तिथे उभा राहिलो. आता रिक्षा थांबवायची कशी? घंटी वाजली की हात वर करायचा, असं ठरवलं. पण सायकलची आणि रिक्षाची घंटी एकच. दोनदा दूधवाल्याला थांबवलं, एकदा पोस्टमनला. मोकळी रिक्षा मात्र घंटी न वाजवता निघून जाते. तिला कोणाला बाजूला सारायचं नसतं.

थांबली तरी पुढचं सोपं नाही. "साथ में कौन है?" हा पहिला प्रश्न. कोणी नाही म्हटलं की, "फिर नहीं ले जाएँगे बाबूजी, गिर-गिरा गए तो हम पर आएगा." असं म्हणून तीन जण गेले. चौथा थांबला, आणि मला सोडून शिंप्याला विचारू लागला, "इनको कहाँ उतारना है?" मी माझी काठी त्याच्या चाकावर आपटली. म्हटलं, "मुझसे पूछो. जाना मुझे है." तर तोही गेला. शिंपी म्हणाला, "बाबूजी, गुस्सा कराल तर इथंच उभे राहाल." खरंच होतं ते. त्या दिवशी मी परत घरी आलो. वर्ग बुडाला. मुलांना काय सांगायचं, ताप आला म्हणून सांगितलं.

पुढच्या खेपेला चिंधू भेटला. त्याने काही विचारलंच नाही. "बइठव बाबू," एवढंच म्हणाला, आणि माझा हात धरून ओढायच्या ऐवजी हूडच्या लोखंडी दांड्यावर नेऊन ठेवला. मग मी आपला आपण चढलो. हे त्याला कोणी शिकवलं, कोण जाणे.

चिंधू माझ्याच वयाचा असेल, पन्नाशी ओलांडलेला. इथलाच, छत्तीसगढी. त्याचं गाव कारखान्याच्या जमिनीत गेलं. रिक्षा ओढायला तो दीड वर्षापूर्वी शिकला. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेत त्याने पाय थांबवले आणि म्हणाला, "बाबू, इहां ले हमर तरिया रिहिस." तरिया म्हणजे तलाव. इथून त्यांच्या गावचा तलाव सुरू व्हायचा. आता त्यावरून सडक गेली आहे. मग थोडं पुढे त्यांचा आंबा, पुढे ठाकुरदेवाचा चौथरा, पुढे त्याच्या सासऱ्याचं शेत. यातलं एकही आता तिथे नाही. दुसऱ्या सवाऱ्या त्याला म्हणतात, कुठे आहे रे तलाव, आम्हाला तर दिसत नाही. मी तसं म्हणू शकत नाही. मी आपला विचारतो, तलावाला घाट किती होते, पाणी उन्हाळ्यात टिकायचं का. तो सांगत राहतो आणि वाट सरते.

वाट मी पाठ करतो आहे. रेल्वेचं फाटक, मग डांबर संपून मुरूम, मग खडी फोडायचं मशीन, तिथे दातांत कच येते. पण इथे काहीच जागेवर राहत नाही, लतिका. या सोमवारी पाठ केलेलं वळण पुढच्या सोमवारी खणलेलं असतं. डोळस माणसंही स्वतःचं क्वार्टर शोधत फिरतात म्हणे, इतकी घरं एकसारखी. तेवढाच मला दिलासा.

घरी आल्यावर मात्र, मी आज एकटा जाऊन आलो, हे सांगायला कोणी नसतं. तुळसाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कावून जाता? पडान कुठंतरी, तवा समजन." म्हणून तुला लिहिलं.

बाबा

मोहन नगर, दुर्ग
२९ जानेवारी १९५९

चि. लतिका,

संक्रांतीला तुळसाबाईंनी तिळगूळ दिला. थंडी बरी आहे. अंगणात पाय घसरून थोडा मुरगळला, म्हणून या आठवड्यात वर्ग नाही. वाचणाऱ्याने काळजी करावी असं काही नाही.

चिंधू रोज एकदा चौकशीला येऊन जातो. मधे छेरछेरा होता, पौषी पौर्णिमेला यांची पोरंथोरं घरोघर धान मागत फिरतात, तो सण. तेव्हा तो आपल्या माणसांकडे गेला होता. त्या दिवशी मी गावात नव्हतो म्हणून असं झालं, असं तो सारखं म्हणतो. मी त्याला म्हटलं, अंगणातल्या घसरण्याशी तुझा काय संबंध? त्यावर तो रिक्षाकडे वळला.

आपल्याकडे पेपर वाचायला यायचा तो शरच्चंद्र भेटला होता. बरा आहे.

कागद संपत आला.

बाबा

मोहन नगर, दुर्ग
१५ फेब्रुवारी १९५९

चि. लतिका,

तुळसाबाईंनी पोस्टातल्या मुनशीकडून तुला पत्र लिहवून घेतलं, हे मला काल कळलं. मी चिडलो. त्या उलट माझ्यावरच ओरडल्या, "पोरीले कावून नाई कळवाव? मेले असते तर मीच तार केली असती ना!" तेव्हा आता तुला कळलंच आहे. तर सगळं माझ्याकडूनच ऐक. तुळसाबाईंना माहीत नाही तेही.

२४ तारखेचा शनिवार. चिंधू नव्हता, दुसरी रिक्षा केली. कुठे जायचं ते दोनदा सांगितलं, सेक्टर एक, पाण्याच्या टाकीजवळ. मुरुमाचा रस्ता लागेपर्यंत ठीक होतं. मग ऊन जे उजव्या गालावर असायला हवं ते डाव्या गालावर आलं. म्हटलं, "भैया, ये रास्ता नहीं है." तो हसून म्हणाला, "आपको क्या दिखता है, बाबूजी?"

थोड्या वेळाने त्याने मला उतरवलं, "यही है" म्हणाला, आणि गेला. मुद्दाम केलं असं नाही वाटत. रस्ता खणलेला असेल, त्यालाही जागा माहीत नसेल, कबूल करायला लाज वाटली असेल. मी उभा राहिलो. टाकीतून पाणी पडल्याचा आवाज नाही, पोरं नाहीत, चहाची टपरी नाही. वारा, आणि लांब कुठेतरी काँक्रीट कालवायचं मशीन. रुआबांध्याच्या बाजूला आलो होतो, हे नंतर कळलं.

किती वेळ उभा राहणार? काठीने चाचपत आवाजाच्या दिशेने निघालो. माती भुसभुशीत लागली, मग काठीला काहीच लागलं नाही, आणि काठीमागोमाग मी. इमारतीच्या पायासाठी खणलेला चर होता, पुरुषभर खोल. खाली घोटाभर पाणी. पाय असा दुमडला की डोळ्यांपुढे उजेड आला. खरंच आला, सहा वर्षांनी.

ओरडलो. मशीनच्या आवाजात माझं ओरडणं माझ्याच कानापर्यंत पोचत नव्हतं. हाताला उभ्या सळ्या लागल्या. काठीची मूठ घेऊन मी सळईवर तार वाजवायला लागलो. आधी मदतीची खूण. तीस वर्षं ज्या हाताने तारा पाठवल्या, त्याला दुसरं काही सुचलं नाही. पण ती समजणार कोणाला? मग मी नुसतंच वाजवत राहिलो. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, अशी एकेक स्टेशनं. नागपूरपर्यंत गेलो. नागपूरला तू आहेस. तिथे थांबलो आणि पुन्हा दुर्गपासून सुरू केलं.

किती वेळ गेला, माहीत नाही. वरून कोणीतरी दरडावलं, "कौन है रे नीचे? सरिया चुरा रहा है क्या?"

आवाज मी ओळखला. दीड वर्षं त्या आवाजात मी पेपर ऐकला होता.

"शरच्चंद्र, मी दीनानाथ," म्हटलं.

मग तो स्वतःच खाली उतरला. त्या कामावर तोच ओव्हरसियर आहे. मजुरांनी मला वर ओढलं. त्याने माझा पाय स्वतःच्या मफलरने बांधला, रिक्षा बोलावली, आणि शेजारी बसून मला घरी आणलं.

"बाबूजी, तुमी एकटे कसे काय निंगाले?"

"रोजच निघतो."

"लतिका?"

"नागपूरले. नर्सिंग शिकून राहिली."

फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. तिथे उभे असताना तो हळू बोलला, "तुमचं पत्र आलं होतं ना काकाले, ते मी पायलं. तिच्याच अक्षरात होतं. मले वाटलं, मुलगी सोता नाई म्हणते, तर आपण कावून आड याव? म्हणून मंग मी घरी येनं बंद केलं."

मालगाडी आली. वाघिणी मोजायची माझी जुनी सवय आहे. बेचाळीस होत्या. बेचाळीस वाघिणी आणि ब्रेकव्हॅन जाईपर्यंत मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी बोललो नाही. फाटक उघडलं, रिक्षा निघाली. त्याने मला ओट्यावर बसवलं, तुळसाबाईंना हाक दिली, आणि गेला.

ते वाक्य तुला माहीत आहे. तरी लिहितो. मी ते कधी तोंडाने म्हटलं नाही, निदान हाताने तरी लिहावं.

मे महिन्यात त्याच्या काकांचं, भाऊरावांचं, पत्र आलं. शरच्चंद्रसाठी तुला मागणी होती. ते तूच मला वाचून दाखवलंस. तुझा आवाज हलला नाही, पण कागद हलत होता, मला ऐकू येत होता. मी म्हटलं, "घे, उत्तर लिही." आणि सांगत गेलो. मुलीचा विवाहाचा विचार नाही. अंध पित्याची सेवा हेच ती आपलं कर्तव्य मानते. आपण गैरसमज करून घेऊ नये. तू लिहीत गेलीस. 'कर्तव्य' शब्दापाशी टाक थांबला. मग पुन्हा चालला. "एवढंच?" तू विचारलंस. "एवढंच," मी म्हटलं.

तुला काय हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ठाऊक होतं. तो पेपर वाचायला यायचा तेव्हा तू हसायचीस. तुझं तसलं हसणं तुझी आई गेल्यापासून घरात नव्हतं. मला ऐकू यायचं आणि वाटायचं, की ही गेली तर मला फाटकापर्यंत कोण नेईल. एवढ्यासाठी, लतिका. फाटकापर्यंत जाण्यासाठी मी तुझा नकार तुझ्याच हातून लिहवून घेतला.

दीड महिन्याने तू म्हणालीस, "बाबा, मी दहाच्या गाडीनं चालली." मी कारण विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.

पाय बरा आहे. उद्यापासून वर्ग.

बाबा

मोहन नगर, दुर्ग
२ मार्च १९५९

चि. लतिका,

तुझं पत्र मिळालं. मी ते चार दिवस खिशात ठेवून फिरलो. बंद पाकीट, वजनाने एकच कागद. वाचून घ्यायचं धाडस होत नव्हतं.

त्या चार दिवसांत एक काम केलं, ते आधी सांगतो. शरच्चंद्रच्या क्वार्टरवर गेलो. फाटकाशी जे बोललो नाही ते बोलायचं, असं ठरवून. चिंधूला नंबर सांगितला, पण त्याला आकडे वाचता येत नाहीत. तो लोकांना विचारत, मी घरं मोजत, असे आम्ही पाऊण तास फिरलो. शेवटी एका दारावर थाप मारली.

दार बाईमाणसाने उघडलं. बांगड्या नवीन होत्या, वाजण्यावरून कळतं. "हे कामावर गेले," ती म्हणाली. "बसा ना, बाबूजी. तुमच्याबद्दल सांगतलं होतं यायनं. खड्ड्यात पडले होते ना तुमी?"

गीता तिचं नाव. वर्ध्याकडची. मार्गशीर्षात लग्न झालं.

तिने मला हाताला धरून नेलं नाही, खुर्ची सरकवून आवाज केला आणि म्हणाली, "इथं हाये." चहा दिला. इथे करमत नाही म्हणाली, शेजारणी कोणी पंजाबी, कोणी मद्राशी, बोलायचं कोणाशी? मराठी बोलायला मिळालं म्हणून मला दुसरा कप घ्यायला लावला. मी तिच्या माहेरची चौकशी केली. शरच्चंद्र यायच्या आत उठलो. ती म्हणाली, "काम काय होतं, निरोप ठेवू का?" म्हटलं, "काही नाही, मफलर द्यायचा होता." मफलर मी खरंच नेला होता. धुऊन.

तेव्हा ते वाक्य आता कायमचं माझ्याकडेच राहिलं. आता ते बोलून त्या मुलीच्या घरात काय टाकायचं? मे महिन्यात त्याची किंमत होती. फाटकाशी नव्हती, त्याचं लग्न तेव्हा झालेलं होतं, मला माहीत नव्हतं इतकंच.

परत येताना चिंधू काही विचारेल असं वाटलं. त्याने विचारलं नाही, त्याचा तलावही सांगितला नाही.

मग मी पत्र घेऊन जानरावकडे गेलो. दुपारची पॅसेंजर नुकतीच गेली होती, हमाल बसले होते. जानरावला हळू वाचता येत नाही. त्याने पार्सल ऑफिसभर वाचलं. तू लिहिलंस, बाबा, मला सगळं कळलं, मी मार्चअखेर शिक्षण सोडून येते, तुम्ही एकटे कुठे जाऊ नका. खाली तुझं नाव. बाकी काही नाही. माझ्या लांबलचक पत्रातल्या एकाही गोष्टीबद्दल एक अक्षर नाही.

"वा, दीनानाथराव!" जानराव म्हणाला. "नशीब काढलं. अशी पोरगी कोणाले मिळते?" हमालसुद्धा म्हणाले, बिटिया आ रही है, मिठाई खिलाओ.

आणि मी, लतिका, क्षणभर खूश झालो. हेही लिहितो. सकाळी चहाची भांडी वाजतील, कोणी विचारेल बाबा कुठे चालले, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलो. एक गाडी आली आणि गेली, तेवढा वेळ.

येऊ नकोस.

हे मी रागाने म्हणत नाही, मोठेपणानेही नाही. तू आलीस तर मी पुन्हा तोच होईन. मला माझा भरवसा नाही. आठ दिवसांत माझा हात तुझ्या खांद्यावर असेल आणि महिन्याभरात मला फाटक कुठे आहे ते आठवणार नाही. मग दुसरं कोणी तुला मागायला आलं, तर मी काय सांगेन, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सुट्टी मिळाली तर होळीला दोन दिवस ये. पाहुणी म्हणून. शिक्षण सोडून आलीस तर दार उघडणार नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. दार उघडीन. म्हणून तू विचार कर.

बाबा

मोहन नगर, दुर्ग
२९ मार्च १९५९

चि. लतिका,

तू सुखरूप पोचली असशील.

दोन दिवस कसे गेले कळलं नाही. पहिल्या दिवशी तर आपण फक्त तुळसाबाईंच्या आजारांवर बोललो. तू भांडी जागच्या जागी ठेवलीस, माझी मांडणी बदलली नाहीस, हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर वर्गाला आलीस, आणि चिंधूच्या रिक्षात शेजारी बसून एकदाही माझा हात धरला नाहीस. धरावासा वाटला होता का, हे मी विचारलं नाही. मला वाटला होता.

परत येताना खडीच्या मशीनपाशी मी विषय काढला. म्हटलं, "माझं पत्र पोचलं होतं?"

"पोचलं."

"मग त्यात मी जे लिहिलं..."

"बाबा, शरच्चंद्रनं मले नागपूरच्या पत्त्यावर लिहिलं होतं," तू म्हणालीस. "ऑगस्टमधे. इचारलं होतं, का हे खरंच तुझं मन आहे का म्हणून. मी उत्तर नाई दिलं."

म्हणजे त्या दिवशी रिक्षात त्याने तुझं विचारलं, तेव्हा तू कुठे आहेस हे त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, "कावून?"

तू मशीन मागे पडू दिलंस. मग म्हणालीस, "तुमी सांगतलं, पण लिहिलं मी. टाक ठेवून उठता आलं असतं मले. उठली नाई. हात माझाच होता ना, बाबा. तुमचा राग येते, पण त्याच्याहून जास्त त्या हाताचा येते. त्याले काय उत्तर लिहू, आन कोनत्या हातानं?"

माफ केलं, असं तू म्हणाली नाहीस. मी माफी मागितलीही नाही. मला वाटत होतं, एकदा कबूल केलं की सगळा भार माझा होईल आणि तू मोकळी होशील. तसं होत नाही, हे मला त्या रिक्षात कळलं. तुझ्या वाट्याचं तू वेगळं वागवते आहेस, आणि ते मला उचलू देणार नाहीस. गीताबद्दल मी तुला सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, "चांगली आहे?" चांगली आहे, म्हटलं. खरंच आहे.

शिक्षण पूर्ण करणार म्हणालीस. अजून अडीच वर्षं. मग कुठे नोकरी लागेल ते सांगता येत नाही, म्हणालीस. भिलाईत मोठं हॉस्पिटल होणार आहे असं मी ऐकलं होतं. ते मी तुला सांगितलं नाही. आता लिहूनही पाठवायला नको होतं, पण पेन्सिलने लिहिलेलं मला खोडता येत नाही. कुठलं खोडलं जाईल, सांगता यायचं नाही. ते वाक्य वाचलं नाहीस असं समज.

काल तुला पोचवायला मी येऊ नये, असं तुझं म्हणणं होतं. "परत कसे याल?" विचारलंस. मग स्वतःच हसलीस. पूर्वीसारखं नाही, पण हसलीस.

प्लॅटफॉर्मवर तुझी पेटी मी उचलली, डबा मी शोधला. तीस वर्षांची नोकरी आहे त्या फलाटावर, कोणता डबा कुठे लागतो हे मला कोणी सांगायला नको. तू पाया पडलीस. तुझे हात खरखरीत झाले आहेत. हॉस्पिटलच्या औषधी साबणाने होतात म्हणालीस.

गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून काहीतरी म्हणालीस. तेवढ्यात इंजिनाने वाफ सोडली, आणि शेजारच्या डब्याशी एक बाई सून चालली म्हणून मोठ्याने रडत होती. तीन-चार शब्द होते. शेवटी 'बाबा' होतं, तेवढं कळलं. मी मान हलवली, कळल्यासारखी. हातही हलवला. गाडीच्या वेगाने तुझा डबा कुठवर गेला असेल, त्या अंदाजाने.

सगळी गाडी गेली. फलाट रिकामा झाला की त्याचा आवाज कसा होतो, हे मला माहीत होतं, पण तेव्हा मी ड्यूटीवर असायचो. बाहेर आलो. चिंधू म्हणाला, "घर जाबो, बाबू?" मी त्याला म्हटलं, घरी नको, जरा कुठेतरी ने. कुठे, त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही. आजवर मी कधी कामाशिवाय रिक्षात बसलो नव्हतो. त्याने बराच वेळ चालवली, ऊन कधी या गालावर, कधी त्या गालावर. मी वाट मोजली नाही. तू काय म्हणाली असशील, त्याचाच विचार करत होतो. तब्येत सांभाळा बाबा. जाऊ नका एकटे बाबा. जात जा एकटे बाबा. पुन्हा येणार नाही बाबा. चारही वाक्यं तेवढ्या वेळात बसतात, मी बोलून बघितलं.

आज घर फार मोठं वाटतं आहे. उद्या सोमवार, वर्ग आहे, शिंप्याच्या दुकानाशी नऊला उभा राहीन.

खिडकीतून काय म्हणालीस, ते कळव.

बाबा